बहिऱ्यांचे गुरुजी : अलेक्झांडर ग्रॅहम बेल

टेलिफोनचा शोध कोणी लावला, असा प्रश्न वर्गात विचारताच दहा-वीस हात एकदम वर होतात आणि अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे नाव एकमुखाने ऐकू येते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीपासून बेळगावच्या रविवार पेठेपर्यंत आज ज्याच्या त्याच्या खिशात त्या शोधाचा वंशज वाजत असतो. परंतु स्वतःचा व्यवसाय सांगण्याचा प्रसंग आला म्हणजे हा पुरुष आपणास संशोधक म्हणवीत नसे. बहिऱ्यांचा शिक्षक, हीच ओळख तो देत असे. टेलिफोनने त्यास अमाप कीर्ती दिली, संपत्तीही दिली. पण तो टेलिफोन बहिऱ्या मुलांस बोलावयास शिकविण्याच्या खटाटोपातून जन्मास आला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

हे चरित्र या अंकासाठी निवडण्यास आणखी एक कारण आहे, आणि ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात मागील बाकावर एक मुलगा बसत असे. प्रश्न विचारला की तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाही. श्रुतलेखनात त्याच्या चुका सर्वांहून अधिक असत. हाक मारली तर कधी ओ देई, कधी देत नसे. आम्ही त्यास बेफिकीर ठरविले, अनेकदा उभे केले आणि रागावलोही. पुढे एके दिवशी त्याची आजी शाळेत आली, तेव्हा बोलता बोलता तिने सांगितले की, तान्हेपणापासून पोराचा कान वाहतो. वय वाढले म्हणजे आपोआप बरा होईल, असे घरच्यांस वाटत होते. कान तपासविल्यावर सारा उलगडा झाला. दोष मुलाच्या लक्षात नव्हता, कानात होता. आणि तो ओळखण्यास जो विलंब झाला, त्यात घरच्यांइतकाच आमचाही वाटा होता. बेल यांचे चरित्र वाचताना तो मुलगा आम्हांस पदोपदी आठवला.

अलेक्झांडर बेल याचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा येथे झाला. घरी त्यास अ‍ॅलेक म्हणत. ग्रॅहम हे मधले नाव त्याने अकराव्या वाढदिवशी हौसेने मागून घेतले. आजोबा शुद्ध उच्चार व वक्तृत्व शिकवीत, आणि वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल हेही त्याच शास्त्रातील नामांकित अध्यापक होते. अशा रीतीने ज्या घरात दिवसरात्र शब्दांच्या उच्चारांची चर्चा चाले, त्याच घरात मुलाच्या आईस नीट ऐकू येत नसे. आई एलायझा उत्तम चित्रे काढीत आणि पियानोही वाजवीत. कानास लावलेल्या नळीचे दुसरे टोक पियानोच्या लाकडी फळीवर टेकवून त्या स्वरांचा अंदाज घेत. लोक त्यांच्याशी बोलावयाचे म्हणजे त्या नळीत तोंड घालून मोठमोठ्याने ओरडत. अ‍ॅलेकने मात्र निराळी युक्ती काढली. तो आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हलक्या, खोल आवाजात बोले, आणि त्या आवाजाची थरथर आईस कळे. घरात चार माणसे गप्पा मारीत असली म्हणजे तो आईशेजारी बसून बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर दाखवीत सारा संवाद तिला सांगत राही. बहिऱ्या माणसाचे खरे दुःख चारचौघांत असूनही एकटे पडण्यात असते, हा धडा त्यास कोणत्याही पुस्तकाआधी घरातच मिळाला.

मुलगा खोडकर होता, तसाच जिज्ञासूही होता. त्याने व त्याच्या थोरल्या भावाने मिळून रबर, लाकूड इत्यादी साहित्यातून मनुष्याच्या घशाची व तोंडाची प्रतिकृती बनविली आणि तिच्याकडून आईस मारलेल्या हाकेसारखा आवाज काढविला. घरच्या कुत्र्यास त्याने गुरगुरत राहावयास शिकविले, आणि त्याचा जबडा हाताने हलवून त्या गुरगुरण्यातून शब्दांसारखे ध्वनी काढून दाखविले. शेजाऱ्यांस ही करमणूक वाटली. मुलास मात्र ओठ, जीभ व टाळू यांच्या हालचालींतून शब्द कसा घडतो, हे उमगले.

वडिलांनी १८६७ साली एक नवी लिपी प्रसिद्ध केली. तिचे नाव दृश्य वाणी. आपल्या विद्यार्थ्यांस या लिपीचे तत्त्व समजण्यास अडचण पडू नये, कारण आपली वर्णमाला कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशा उच्चारस्थानांनुसारच मांडलेली आहे. मेलव्हिल बेल यांनी त्यापुढे जाऊन, उच्चार करताना जीभ व ओठ कसे ठेवावयाचे, हे अक्षराच्या आकारातच दाखविले. जाहीर प्रयोगाच्या वेळी ते मुलास सभागृहाबाहेर पाठवीत. श्रोत्यांनी सुचविलेले चित्रविचित्र ध्वनी व परभाषांतील शब्द ते त्या लिपीत लिहून ठेवीत, आणि मुलगा आत येऊन नुसत्या खुणा पाहून ते जसेच्या तसे उच्चारी. संस्कृताचे उच्चारही तो याच रीतीने करून दाखवी. यातूनच पुढे एक विचार निघाला. पाहून उच्चार करता येत असेल, तर ज्यास ऐकू येत नाही त्यासही बोलावयास का शिकविता येऊ नये? १८६८ साली लंडनमधील एका लहानशा शाळेत बहिऱ्या मुलींना या लिपीने शिकवून अ‍ॅलेकने तो विचार कसोटीस लावला, आणि मुली खरोखरच उच्चार करू लागल्या.

परंतु याच सुमारास बेल कुटुंबावर मोठे संकट कोसळले. १८६७ साली धाकटा भाऊ क्षयाने गेला, आणि १८७० साली थोरलाही त्याच रोगास बळी पडला. उरलेला एकुलता एक मुलगाही खंगत चालल्याचे पाहून आईवडिलांनी चांगल्या हवेसाठी देश सोडला, आणि ते कुटुंब कॅनडात ब्रँटफर्ड या गावी जाऊन राहिले. तेथे मुलाची प्रकृती सुधारली. १८७१ साली तो अमेरिकेतील बॉस्टन शहरी बहिऱ्यांच्या शाळेतील शिक्षकांस आपली पद्धती शिकविण्यासाठी गेला, आणि १८७३ साली तेथील विद्यापीठात अध्यापक झाला. येथून पुढे त्यास आपण बेल म्हणूनच संबोधू.

बॉस्टनमधील त्यांच्या शिष्यांपैकी दोघांचा उल्लेख करावयासच हवा. एक पाच वर्षांचा जॉर्ज सँडर्स. हा जन्मतःच बहिरा होता. बेल यांनी त्याच्यासाठी एका हातमोज्यावर सारी मुळाक्षरे लिहिली. मुलगा तो मोजा घाली, आणि गुरुजी बोटांवरील अक्षरांस स्पर्श करीत शब्द जुळवून दाखवीत. दुसरी मेबल हबर्ड. पाच वर्षांची असताना स्कार्लेट ज्वराने तिचे ऐकणे पार नाहीसे झाले. बोलावयास शिकलेले मूल बहिरे झाले म्हणजे त्याची वाणीही हळूहळू विझू लागते. मेबलच्या आईवडिलांनी तसे होऊ दिले नाही. त्यांनी जाणत्या शिक्षकांचा शोध घेतला आणि मुलीचे बोलणे टिकवून धरले. ती लोकांचे ओठ पाहून त्यांचे बोलणे समजण्यात तरबेज झाली. तिचे वडील गार्डिनर हबर्ड यांनी बहिऱ्या मुलांच्या शिक्षणासाठी शाळा काढण्यातही पुढाकार घेतला होता. याच हबर्ड यांनी व जॉर्जच्या वडिलांनी पुढे बेल यांच्या प्रयोगांसाठी पैसा पुरविला. टेलिफोनचे भांडवल अशा रीतीने दोन बहिऱ्या मुलांच्या घरांतून आले.

आता तो शोध कसा लागला ते पाहू. आपण काढलेला आवाज बहिऱ्या मुलास डोळ्यांनी दिसावा, म्हणजे त्यास आपली चूक आपणच सुधारता येईल, अशी बेल यांची इच्छा होती. १८७४ साली बॉस्टनचे कानाचे तज्ज्ञ डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांच्या साहाय्याने त्यांनी एका मृत मनुष्याचा कान मिळविला. कानाच्या आतील हाडास त्यांनी गवताची बारीक काडी जोडली, आणि तिचे टोक काजळी धरलेल्या काचेवर टेकविले. कानात बोलताच पडदा थरथरे, त्यामागची हाडे हालत, आणि काडी काचेवर आवाजाची नागमोडी रेघ काढी. ते पाहून बेल विचारात पडले. कानाचा पडदा किती पातळ, आणि त्यामागची हाडे त्या मानाने किती जड! तरीही नुसत्या आवाजाच्या धक्क्याने तो पडदा ती हाडे हालवितो. मग एखादा मोठा पडदा लोखंडाची पट्टी का हालविणार नाही, आणि त्या हालचालीतून तारेत आवाजाबरहुकूम वीज का खेळविता येणार नाही?

दिवसा शिकवावे आणि रात्री प्रयोग करावेत, असा क्रम सुरू झाला. टॉमस वॉटसन हा कुशल कारागीर त्यांच्या मदतीस होता. ७ मार्च १८७६ रोजी बेल यांस पेटंट मिळाले, आणि तीनच दिवसांनी, १० मार्च रोजी, शेजारच्या खोलीतील वॉटसनला त्यांनी मारलेली हाक तारेतून स्पष्ट ऐकू आली. इलायशा ग्रे या दुसऱ्या संशोधकानेही त्याच सुमारास तसाच दावा केला होता. त्यावरून पुढे पुष्कळ वाद व खटले झाले, पण पेटंट बेल यांचेच राहिले. त्याच वर्षी जून महिन्यात फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे यंत्र मांडले गेले, तेव्हा ब्राझीलचे बादशहा दुसरे पेद्रो यांनी बेल यांस पाहताच ओळखले. बहिऱ्यांच्या शिक्षणात त्यांस फार रस होता, आणि बॉस्टन येथे त्यांची या तरुण शिक्षकाशी भेट झालेली होती. शिक्षक म्हणून झालेली ओळख अशी संशोधकाच्या कामास आली.

११ जुलै १८७७ रोजी बेल यांचा विवाह त्यांच्या शिष्येशीच, मेबलशी, झाला. त्या दिवशी टेलिफोन कंपनीतील आपले दहा भाग तेवढे ठेवून बाकीचे सारे त्यांनी वधूस भेट दिले. आणि येथेच नियतीचा मोठा विचित्र खेळ दिसतो. ज्या यंत्राने शेकडो कोसांवरील माणसाचा आवाज साऱ्या जगास ऐकू येऊ लागला, ते यंत्र शोधकाच्या पत्नीस मात्र मुके होते. दुसरा एखादा या कीर्तीवर समाधान मानून बसला असता. बेल यांचे मन पुन्हा आपल्या जुन्या कामाकडे वळले.

१८७९ साली त्यांनी कानाची शक्ती मोजण्याचे यंत्र तयार केले. तारेची दोन वेटोळी एका दांडीवर बसविलेली असत. एकात वीज खेळविली म्हणजे दुसऱ्यास जोडलेल्या टेलिफोनात आवाज निघे. वेटोळी एकमेकांपासून जसजशी दूर सरकवावीत, तसतसा आवाज मंद होई. तो नेमका कोणत्या खुणेवर ऐकू येईनासा झाला, हे पाहिले की कानाचे माप मिळे. असे यंत्र घेऊन बेल यांनी वॉशिंग्टनच्या शाळांतील मुलांचे कान तपासले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. चारचौघांसारखी वर्गात बसणारी काही मुले कमी ऐकत होती, आणि हे आईबापांस ठाऊक नव्हते, गुरुजींस नव्हते, खुद्द मुलांसही नव्हते. ज्यास प्रथमपासूनच कमी ऐकू येते, त्यास पूर्ण ऐकू येणे म्हणजे काय, हे कसे कळावे? आमच्या मागील बाकावरच्या मुलाची हीच गत होती.

आज आवाज ज्या परिमाणाने मोजतात, त्या डेसिबेल शब्दात बेल यांचेच नाव आहे. बेल या एककाचा दहावा भाग तो डेसिबेल. हलकी कुजबुज सुमारे ३० डेसिबेल भरते, आणि साधे बोलणे ६० च्या आसपास. दर दहा डेसिबेलमागे आवाजाची शक्ती दहापट होते, म्हणून साध्या बोलण्यात कुजबुजीच्या हजारपट शक्ती असते. ८५ डेसिबेलच्या पुढचा आवाज रोज तासन्‌तास कानावर पडत राहिला, तर आतील नाजूक पेशी झडतात आणि पुन्हा उगवत नाहीत. शहापूर-वडगावच्या यंत्रमागांवर किंवा उद्यमबागेतील कारखान्यांत आयुष्य काढणाऱ्यांनी, आणि मिरवणुकीतील ध्वनिवर्धकाशेजारी नाचणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीही, हे ध्यानात ठेवावे.

१८८० साली फ्रान्स सरकारने बेल यांस व्होल्टा पारितोषिक म्हणून ५०,००० फ्रँक दिले. त्या पैशातून त्यांनी प्रयोगशाळा उभारली, आणि तेथील शोधांच्या उत्पन्नातून १८८७ साली बहिरेपणाविषयीच्या ज्ञानाचा संग्रह व प्रसार करणारी एक संस्था वॉशिंग्टन येथे स्थापिली. दूरदूरचे आईबाप मुलांस घेऊन त्यांच्याकडे सल्ला विचारावयास येत. १८८६ साली अलाबामा प्रांतातून कॅप्टन केलर नावाचे गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या मुलीस घेऊन निघाले. दीड वर्षाची असताना झालेल्या दुखण्याने तिची दृष्टी व श्रवण दोन्ही गेली होती. प्रथम ते बाल्टिमोर येथील डोळ्यांच्या प्रख्यात डॉक्टरांकडे गेले. डोळ्यांस उपाय नाही, पण मुलगी शिकू शकेल, असे सांगून त्यांनी बेल यांचे नाव सुचविले. बेल यांनी मुलीस मांडीवर घेतले, आपल्या घड्याळाशी खेळू दिले, आणि बॉस्टनच्या अंधशाळेच्या प्रमुखांस पत्र लिहिण्याचा सल्ला दिला. त्या शाळेने ॲन सलिव्हन ही तरुण शिक्षिका पाठविली. ती केलरांच्या घरी पोहोचली तो दिवस ३ मार्च १८८७, म्हणजे योगायोगाने बेल यांचा चाळिसावा वाढदिवस. ही मुलगी म्हणजेच हेलन केलर. पुढे त्या पदवीधर झाल्या, ग्रंथकर्त्या झाल्या, आणि १९५५ साली भारतातही येऊन गेल्या. १९०३ साली प्रसिद्ध झालेले आपले आत्मचरित्र त्यांनी बेल यांसच अर्पण केले.

या प्रसंगात चमत्कार कोठेच नाही. डोळ्यांच्या डॉक्टराने आपली मर्यादा ओळखून पुढचा मार्ग दाखविला. बेल यांनीही स्वतः उपचाराचा आव न आणता योग्य शाळेचे नाव सांगितले. आणि बाप कंटाळून मध्येच परत फिरला नाही. एका जाणत्याकडून दुसऱ्या जाणत्याकडे नेणारी ही वाट जिथे तुटते, तिथे मूल अंधारातच राहते.

थोर पुरुषाचे चरित्र सांगताना त्याच्या चुका झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. प्रत्येक बहिऱ्या मुलाने ओठ पाहून समजावे व तोंडाने बोलावे, असा बेल यांचा आग्रह होता. हातांच्या खुणांची भाषा त्यांस स्वतःस चांगली येत होती, तरी शाळांतून ती नसावी असे त्यांचे मत होते. बहिऱ्यांनी बहिऱ्यांशी विवाह केल्यास पुढची पिढीही बहिरी निपजेल, अशी भीती त्यांनी १८८३ साली एका निबंधात मांडली. तिने बहिऱ्या लोकांची मने फार दुखावली. एडवर्ड गॅलॉडेट यांनी त्यांस जाहीर विरोध केला. नवल असे की, गॅलॉडेट यांची आईही बहिरीच होती. त्या खुणांच्या भाषेतच बोलत. दोन बहिऱ्या मातांचे दोन पुत्र अशा रीतीने परस्परांविरुद्ध उभे राहिले. १८८० साली मिलान येथील शिक्षकांच्या परिषदेने खुणांची भाषा शाळांतून काढण्याचा ठराव केला होता, आणि त्यामुळे कित्येक पिढ्यांतील मुलांचे नुकसान झाले. २०१० साली व्हँकूव्हर येथील तशाच परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. भारतातही २०१५ साली सांकेतिक भाषेच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी दिल्ली येथे केंद्र निघाले. घरी मराठी, बाजारात कानडी आणि कचेरीत तिसरीच भाषा ऐकत वाढणाऱ्या आम्हा सीमाभागातील लोकांस हा मुद्दा समजावयास कठीण जाऊ नये. एक भाषा शिकण्यासाठी दुसरी टाकावीच लागते असे नाही, आणि ज्या भाषेत मुलाचे मन प्रथम उमलते ती हिरावून घेणे हे शिक्षण नव्हे.

बेल यांचे पुढील आयुष्य विविध उद्योगांत गेले. त्यांस दोन मुली होत्या; दोन मुलगे मात्र जन्मताच दगावले. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांती, बॅडेक गावाजवळ, त्यांनी घर बांधले, आणि तेथेच २ ऑगस्ट १९२२ रोजी मधुमेहाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले. पत्नी मेबल पाचच महिन्यांनी, जानेवारी १९२३ मध्ये, निवर्तल्या.

परंतु त्यांच्या कामाचे खरे फळ बहिऱ्यांच्या हाती पडले ते निराळ्याच वाटेने. टेलिफोनात बोलण्याचा भाग, ऐकण्याचा भाग आणि वीज, अशी तीन अंगे असतात. याच अंगांतून १८९८ च्या सुमारास मिलर हचिसन या अमेरिकन तरुणाने विजेचे श्रवणयंत्र बनविले. प्रारंभीची यंत्रे जड व अवजड होती. १९४७ साली बेल यांच्याच नावाच्या प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि बेल यांच्या स्मरणार्थ त्या कंपनीने श्रवणयंत्रे बनविणाऱ्या कारखानदारांस ट्रान्झिस्टरच्या पेटंटाचे शुल्क माफ केले. १९५२ च्या अखेरीपासून ट्रान्झिस्टरची श्रवणयंत्रे बाजारात आली. आज ती कानामागे लपतात, आणि ती बोलणाऱ्याचा आवाज वाढवून गोंगाट काही अंशी कमी करू शकतात. ज्यांस यंत्रानेही उपयोग होत नाही, अशा काहींच्या अंतर्कर्णात शस्त्रक्रियेने विजेची तार बसविता येते.

इतके सारे असूनही आपल्या घरांतून काय दिसते? डोळ्यांस चष्मा लागला तर कोणी लाजत नाही; कानास यंत्र म्हटले की आजोबा हात झिडकारतात, आणि मुलीच्या बाबतीत तर लग्नाची काळजी आड येते. कोणी कानात कढत तेल घालतो, कोणी काडी, कोणी जाहिरात पाहून टपालाने यंत्र मागवितो, आणि चार दिवसांनी ते कपाटात टाकून देतो. आमचे पालकांस सांगणे एवढेच की, प्रथम कान-नाक-घशाच्या डॉक्टरांस कान दाखवावा. नुसता मळ साचला असेल तर तो काढताच ऐकू येते. पडद्यास छिद्र असेल तर औषधाने वा शस्त्रक्रियेने पुष्कळदा गुण येतो. आतील शिरेचा दोष असेल तर श्रवणतज्ज्ञ दोन्ही कानांचे माप घेऊन आलेख काढतात, आणि त्या आलेखास जुळेल असेच यंत्र लावावे लागते. दुसऱ्याचे यंत्र आपणास चालेल, असे समजू नये. दुसऱ्याचा चष्मा तरी कोठे चालतो? यंत्र लावल्यावर प्रथम भांड्यांचा खणखणाट व स्वतःचा आवाजही चमत्कारिक वाटतो. मेंदूस सवय होण्यास काही आठवडे लागतात, आणि मधून मधून तज्ज्ञाकडे जाऊन यंत्र नीट करून घ्यावे लागते. तान्ह्या मुलाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाय सहाव्या महिन्याच्या आत, असा क्रम आज जगभर मानला जातो. कारण बोलणे शिकण्याचा काळ निघून गेला की तो परत येत नाही.

यासाठी फार दूर जावयास नको. बेळगावात शासकीय जिल्हा रुग्णालय आहे, तसेच वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. निपाणीकरांस कोल्हापूर व मिरज जवळ पडतात. याहून खोल तपासणी हवी असेल तर आपल्याच राज्यात म्हैसूर येथे १९६५ सालापासून, आणि मुंबईत वांद्रे येथे १९८३ सालापासून, वाणी व श्रवण यांस वाहिलेल्या राष्ट्रीय संस्था आहेत.

आमच्या त्या विद्यार्थ्याचा कान उपचारांनी सुकला, आणि दुसऱ्या कानास यंत्र मिळाले. आम्ही त्यास मागील बाकावरून उठवून पहिल्या बाकावर, खिडकीच्या बाजूस, बसविले. कारण प्रकाश आमच्या तोंडावर पडला की ओठ नीट दिसत. बोलताना फळ्याकडे तोंड न करण्याची सवय आम्हांस लावून घ्यावी लागली, आणि ती त्याच्या धड्याहून कठीण गेली. पहिल्याच महिन्यात त्याच्या श्रुतलेखनातील चुका निम्म्यावर आल्या. त्या वहीवर शेरा लिहिताना, आजवर त्यास दिलेल्या सर्व शिक्षा आम्हांस आठवल्या. या अंकाच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरात, वर्गात किंवा शेजारी कोणी हाकेस ओ देत नसेल, त्यांनी रागावण्यापूर्वी त्याचा कान तपासून घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.